संरक्षण आदेशाच्या अर्जात नेमकं काय काय मागायचं? (गडहिंग्लज / इचलकरंजी)

मसाई_पठार

नमस्कार मंडळी. मामेबहिणीसाठी विचारतेय. तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सासर इचलकरंजीत. नवरा यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा), कमाई बरी, पण संध्याकाळ झाली की बाटली. मारहाण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. आम्हाला कळलं फार उशिरा, कारण ही प्रत्येक वेळी "जिन्यावरून पडलो" म्हणायची. दिवाळीत डोक्याला टाके पडले तेव्हा मामा गाडी करून गेला आणि तिला व पोराला घेऊन आला. आता ती माहेरी, गडहिंग्लज तालुक्यात. काजूच्या कारखान्यात कामाला जाते, पोरगा तिथल्याच शाळेत पहिलीत.

खरा ताप आता सुरू झालाय. नवरा मोटरसायकलवरून येतो आणि कारखाना सुटायच्या वेळेला गेटसमोर उभा राहतो. हात लावत नाही, फक्त मोठ्यानं बोलतो. चारचौघींसमोर जे नाही ते बोलतो. रोज नव्या नंबरवरून फोन. व्हॉट्सॲप स्टेटसला हिचा फोटो लावून खाली घाण लिहितो. एकदा शाळेत जाऊन पोराला "चल गाडीवरून फिरवून आणतो" म्हणाला. बाईंनी हुशारीनं थांबवलं.

पोलिसांत गेलो तर एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतली आणि "नवरा-बायकोचं आहे, कोर्टात जा" म्हणाले. गावात बैठक झाली. तिथं ज्येष्ठ मंडळींचं एकच, पोरीनं नांदायला जावं, तो माफी मागेल. त्यानं मागितली पण. पुढच्याच आठवड्यात परत गेटसमोर.

वकील म्हणतात डीव्ही (कौटुंबिक हिंसाचाराची केस) टाकूया. मला एवढंच विचारायचंय: केस इचलकरंजीत टाकावी लागते का? हिला तिथं पाऊल टाकायची भीती वाटते. आणि आदेश मिळाला तरी तो कागदच ना? त्यानं काय होतं?

तांबडा_पांढरा

कागदच असतोय ताई. पण त्यात काय लिहिलंय त्यावर सगळं हाय. माझी स्वतःची केस झालेली आहे. रात्री सविस्तर लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

काळा_कोट

वकिली करते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इचलकरंजीला जायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणजे गडहिंग्लज कोर्ट चालेल. आदेश मात्र देशभर लागू. तो उद्या पुण्याला राहायला गेला तरी आदेश त्याच्या मागे जातो.

दुसरं. लोकांच्या डोक्यात डीव्ही म्हणजे नवऱ्याला आत टाकणं असं बसलंय. तसं नाही. कलम १२ चा अर्ज हा दिवाणी स्वरूपाचा दिलासा मागणारा अर्ज आहे: संरक्षण (१८), राहण्याचा हक्क (१९), पैसे (२०), मुलाचा तात्पुरता ताबा (२१), नुकसानभरपाई (२२). अर्ज टाकला म्हणून अटक होत नाही. पण संरक्षण आदेश झाल्यावर त्यानं तो मोडला की तिथून फौजदारी सुरू होते. कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आता एनसी लिहून तुम्हाला परत पाठवलं, ते आदेशानंतर चालत नाही. "कागदच ना" याचं उत्तर इथं आहे.

चारशे अठ्ठ्याण्णव-अ, म्हणजे सासरच्या छळाचा गुन्हा (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) ही वेगळी वाट. दोन्ही एकत्र चालू शकतात. पण तुमचं आजचं दुखणं गेटसमोरचं आहे, आणि त्यावर १८ हेच औषध.

डोक्याच्या टाक्यांचे दवाखान्याचे कागद आहेत ना? तेव्हा "पडले" असं लिहून घेतलं असेल तरी आणा. जखम कुठे आणि कशी होती ते त्यात असतं.

भवानी_मंडप

झालं सुरू. एक बाजू ऐकून सगळे न्यायाधीश. माझ्या चुलतभावावर अशीच डीव्ही टाकली, त्यात त्याच्या सांगलीच्या आत्याचं पण नाव. आत्या वर्षातनं एकदा पाडव्याला यायची. या कायद्याचा गैरवापर किती होतो त्यावर पण बोला की.

काळा_कोट

बोलू की. दुसऱ्या गावात राहणाऱ्या, कधी एका घरात न राहिलेल्या नातेवाइकाचं नाव घातलं असेल तर ते टिकत नाही. कायद्याला "घरगुती नातं" लागतं, म्हणजे एका छपराखाली राहणं किंवा राहिलेलं असणं. आत्यानं अर्ज देऊन नाव काढून घ्यावं. मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली आदेश बदलून किंवा रद्द करून मागता येतो, नवऱ्यालाही. आणि ऑगस्ट २०२५ पासून आपल्या सहा जिल्ह्यांचं हायकोर्टाचं काम इथंच कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं, मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

पण मसाई ताईंच्या प्रश्नात आत्या नाही. गेटसमोर उभा राहणारा एक माणूस आहे.

भवानी_मंडप

ते मान्य. तो माणूस चुकीचाच. मी जनरल बोलत होतो.

पंचगंगा_काठ

जनरल बोलायला वेगळा धागा काढा राव.

तांबडा_पांढरा

आता निवांत. माझं सांगतो.

मला आदेश मिळाला तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. वकिलांनी छापील नमुन्यात माझं नाव घालून अर्ज केलेला. आदेशात एक ओळ: "सामनेवाला यांनी अर्जदार हिस कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये." बास. नवरा तिसऱ्याच दिवशी माझ्या दुकानासमोर पानपट्टीवर येऊन बसला. दिवसभर. माझ्याकडं बघत. मी पोलिसांना बोलावलं. साहेब आले, त्यांनी कागद वाचला, त्याला विचारलं. तो म्हणतोय, "साहेब, मी पान खातोय. रस्ता काय हिच्या बापाचा हाय?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं पण बरोबर होतं, पान खाणं म्हणजे त्रास असं कागदात कुठं होतं?

मग दुसऱ्या वकीलबाई केल्या. त्यांनी आदेशात दुरुस्ती मागितली. त्यात दुकानाचा पत्ता, दुकानापासून किती मीटरच्या आत यायचं नाही ते, माझा नंबर, माझ्या बहिणीचा नंबर, आईचं घर, सगळं. आदेश तसाच झाला. त्यानंतर तो एकदाच आला. पोलिसांनी पट्टी धरून मोजलं नाही, पण पानपट्टी आत येते हे आंधळ्याला पण दिसत होतं. गाडीत घालून नेलं.

म्हणून ताई, अर्ज टाईप व्हायच्या आधी बहिणीला घेऊन बसा आणि तिचा दिवस लिहून काढा. सकाळी कुठनं निघते, वडाप (शेअर गाडी) कुठं पकडते, किती वाजता सुटते, बाजार कुठल्या वारी करते. तो कुठं कुठं गाठू शकतोय ते सगळं अर्जात आलं पाहिजे.

काळा_कोट

वरची पोस्ट प्रत्येक वकिलानं वाचावी. आम्ही लोक नमुना उघडतो, नाव बदलतो, प्रिंट मारतो. कायद्यानं खरं तर हात सैल सोडलेत. कलम १८ खाली काय काय मागता येतं बघा. हिंसा करायची नाही आणि दुसऱ्याकडून करवायची नाही. तिच्या कामाच्या जागी जायचं नाही. फोन, मेसेज, चिठ्ठी, कुठल्याही मार्गानं संपर्क करायचा नाही. एकत्र खात्याला, लॉकरला, तिच्या स्त्रीधनाला हात लावायचा नाही. आणि लोक विसरतात ते म्हणजे, तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना किंवा इतर कुणालाही त्रास द्यायचा नाही. म्हणजे मामा त्यात बसतो. तुम्हीही बसता. शिवाय शेवटी "इतर कोणतेही कृत्य" अशी मोकळी जागा आहे. स्टेटसला फोटो लावणं तिथं घालायचं, "फोटो, नाव वा मजकूर कोणत्याही समाजमाध्यमावर प्रसिद्ध करू नये" अशा स्पष्ट शब्दांत.

गेटचं असं लिहा: कारखान्याचं नाव, गट नंबर, गेटसमोरचा रस्ता, शिफ्ट सुटायची वेळ. मीटर घाला. मुलाच्या शाळेचं नाव घाला आणि सोबत कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागा. नाहीतर "मी बाप आहे" म्हणून तो शाळेत आला तर बाईंच्या हातात काही नसतं.

अर्जासोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि प्रतिज्ञापत्र (नमुना ३) द्या. निकाल व्हायच्या आधी, गरज पडली तर समोरच्याला न ऐकताही, तात्पुरता आदेश देता येतो. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणूनच अंतरिमवर जोर द्यायचा. अंतरिम आदेश मोडला तरी कलम ३१ लागतं.

अण्णा_निवृत्त

पोलीस खात्यात हयात गेली. हवालदार म्हणून रिटायर झालो. जिल्ह्यातल्या बऱ्याच ठाण्यांत काम केलंय, नावं घेत नाही.

आदेशाची प्रत ठाण्यात येते. कलम २४ मध्ये आहे, कोर्टानं फुकट द्यायची असते, दोन्ही पार्टींना आणि ठाणे प्रभारींना पण. येते, आवक होते, फायलीला लागते. आता रात्री नऊ वाजता तुमची बहीण फोन करते. ड्युटीवरचा ठाणे अंमलदार वेगळा, बीटचा माणूस रजेवर. फायलीत काय आहे त्याला माहीत नसतं, त्याच्यासाठी ती नेहमीचीच नवरा-बायकोची कटकट. इथं खेळ बिघडतो.

तर असं करा. प्रत घेऊन स्वतः ठाण्यात जा. तुमच्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बीट हवालदार कोण ते विचारून भेटून या, फोन नंबर घ्या. त्या पोच असलेल्या प्रतीचा फोटो बहिणीच्या, मामाच्या, तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा. ११२ ला फोन केल्यावर पहिलं वाक्य "नवरा त्रास देतोय" असं म्हणू नका. "कोर्टाचा संरक्षण आदेश आहे, तो मोडतोय, आत्ता गेटसमोर उभा आहे" असं म्हणा. ऐकणाऱ्याचा आवाज बदलतो बघा.

आणि अर्जातच कोर्टाकडं मागा की जवळच्या ठाण्यानं अंमलबजावणीला मदत करावी. आदेशात ठाण्याचं नाव आलं की साहेबांना टाळता येत नाही.

मसाई_पठार

अण्णा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद. एक विचारू का? समजा त्यानं आदेश मोडला, पण साक्षीदार कुणी नाही, तर? कारखान्यातल्या बायका घाबरतात.

अण्णा_निवृत्त

ते वकीलबाई सांगतील. पण कायद्यात आहे की एकट्या बाईच्या साक्षीवर पण कोर्ट शिक्षा करू शकतं.

काळा_कोट

बरोबर, कलम ३२ (२). तरी मोबाईलमधलं काही पुसू नका. कॉल लॉग, स्टेटसचे स्क्रीनशॉट, व्हॉइस नोट. कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील करून देतील. मूळ मोबाईल मात्र जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका.

शेंडा_पार्क

मी अंगणवाडीत आहे. आमच्या गावात एक ताई बैठकीत ठरल्याप्रमाणे परत नांदायला गेली. स्टँप पेपरवर लिहून घेतलं होतं, पाच पंचांच्या सह्या, तंटामुक्तीच्या अध्यक्षांची पण. दोन महिन्यांत परत आली, हात गळ्यात बांधलेला. त्या स्टँप पेपरचा पोलिसांत काही उपयोग झाला नाही. तो कागद मोडला म्हणून कुणावर गुन्हा होत नाही.

पंचांचा हेतू वाईट नसतो हो. पण त्यांच्यापैकी एकानं तरी रात्री त्या घरात झोपून बघावं.

भवानी_मंडप

पण समेट होऊच नये का? लहान पोर आहे मध्ये.

शेंडा_पार्क

होऊ दे की. कोर्टात पण समुपदेशनाला पाठवतात. तिथं लिहून झालं तर त्याला कोर्टाचा आधार राहतो. आधी आदेश, मग समेटाचं बोलणं. उलट केलं की पोरगी उघड्यावर पडते.

इचलकरंजीवाला

खावटीचं कुणी बोललं नाही अजून. मी याच गावचा, घरचे माग होते. तुमच्या मेहुण्याला (सॉरी, त्याला मेहुणा म्हणवत नाही) जॉबर म्हणून बरे पैसे मिळत असणार. पण कोर्टात म्हणेल, "साहेब, धंदा मंदीत, कधी काम असतंय कधी नसतंय." इकडं पगार बऱ्याच ठिकाणी आठवड्याला रोख. मालक लिहून देणार नाही, कारण लिहून दिलं की पीएफ-ईएसआयचा प्रश्न मालकाच्याच गळ्यात. मग सिद्ध कसं करायचं?

गाडीच्या कर्जाचा हप्ता बघा. ज्याला महिना पाच हजार मिळत नाहीत म्हणतो तो साडेचार हजाराचा हप्ता कसा भरतो? ईएसआय कार्ड कधी काढलं असेल तर त्याचा नंबर. यूपीआयवर बारचं बिल भरलेलं असेल तर तो त्याच्या बँकेच्या उताऱ्यात दिसणारच. बहिणीला सांगा, घरात कसले कसले कागद बघितलेत ते आठवून लिहून काढ. आमच्या शेजारच्या वहिनीनं भिशीच्या वहीचा फोटो काढून ठेवला होता. त्यात नवऱ्याच्या नावावर दर महिन्याला किती भरले ते होतं. न्यायाधीशांनी तो फोटो दोनदा बघितला म्हणे.

काळा_कोट

हे फार मोलाचं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. त्यानं खोटं लिहिलं तर तुमच्याकडचे कागद पुढे करायचे. त्याच निकालाप्रमाणे खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लांबवू नका.

एक खबरदारी: खावटी थकली म्हणून थेट कलम ३१ लागतं का, यावर वेगवेगळ्या हायकोर्टांची मतं वेगळी आहेत. तिच्या वसुलीची वाट निराळी, दरखास्त (वसुलीचा अर्ज) टाकावी लागते. मालकाला पगारातून कापून थेट बाईला द्यायचा हुकूमही कलम २० खाली होऊ शकतो, पण रोखीच्या कामात तो हुकूम बजावायचा कुणाला, हा प्रश्न उरतोच. तुम्ही संरक्षण आणि खावटी एकाच अर्जात मागा, पण मनात दोन्ही वेगळे ठेवा.

पुलाची_शिरोली

सासूचं नाव घालता येतं का? आमच्याकडं मारायला नवरा, पण चावी फिरवायला सासू.

काळा_कोट

येतं. पूर्वी सामनेवाल्याच्या व्याख्येत "प्रौढ पुरुष" असे शब्द होते. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हिरल हरसोरा प्रकरणात ते शब्द काढून टाकले. सासू-नणंदेविरुद्ध आदेश होऊ शकतो. फक्त बाईला घराबाहेर काढायचा हुकूम कलम १९ खाली होत नाही.

आणि घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला राहण्याचा हक्क नाही, हेही आता चालत नाही. २०२० च्या सतीशचंदर अहुजा निकालानं ते साफ झालं. मालकी मिळते असं नाही, पण कायद्याची रीत सोडून बाहेर काढता येत नाही. अर्थात मसाई ताईंच्या बहिणीला त्या घरात परत जायचंच नाही, तर तिनं भाड्याची रक्कम मागावी.

रंकाळा_चौपाटी

थोडं अवांतर. शाहू महाराजांनी १९१९ सालीच करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. देशाला डीव्ही कायद्यापर्यंत यायला पुढं ऐंशी-नव्वद वर्षं लागली. दसरा चौकात पुतळ्याला हार घालताना हे कुणी सांगत नाही.

पंचगंगा_काठ

सांगतात, पण भाषणात. बैठकीत विसरतात.

मसाई_पठार

वकिलांची फी मामाला झेपेल असं वाटत नाही. आत्ताच दोन हजार दिले कागदपत्रांसाठी.

काळा_कोट

झेपवायची गरजच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलेला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अटच नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१.

आणि संरक्षण अधिकारी. त्यांच्याकडं घरगुती घटनेचा अहवाल (नमुना १) भरून मिळतो, कोर्टात तो वजनदार ठरतो. पण अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात तसं सांगितलंय. मे २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी नेमा म्हणून सांगितलं. तुमच्या तालुक्याला कोण आहे ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा. फोनवर नीट उत्तर नाही मिळालं तर लेखी विचारा.

तांबडा_पांढरा

मसाई ताई, अजून एक. अर्जाची नोटीस त्याला मिळेल त्या आठवड्यात जपून राहा. माझा सगळ्यात वाईट आठवडा तोच होता. तोपर्यंत त्याला वाटत असतंय की ही येईल परत. नोटीस हातात पडली की कळतंय, ही आता येत नाही. बहिणीला एकटी सोडू नका, कारखान्यातनं दोघीतिघी मिळून निघू दे, वडापचा थांबा बदला. पोराला शाळेतनं आणायला मामाच जाऊ दे.

अण्णा_निवृत्त

शंभर टक्के. ठाण्यात आधीच अर्ज देऊन ठेवा की नोटीस बजावणी होणार आहे, अनुचित प्रकार घडू शकतो. आवक नंबर घ्या.

मसाई_पठार

मंडळी, ख्याली-खुशाली द्यायला आलेय.

विधी सेवा समितीकडून वकीलबाई मिळाल्या. तरुण आहेत पण चिकाटीच्या. तांबडा_पांढरा ताईंनी सांगितलं तसं बहिणीचा दिवस लिहून काढला, वहीची तीन पानं भरली. तिला लिहिताना रडू आलं, मला पण. अर्ज दाखल केला. न्यायाधीश साहेबांनी लगेच एकतर्फी आदेश दिला नाही, म्हणाले नोटीस काढतो, जवळची तारीख देतो. आम्ही खचलो होतो. नोटीसच्या आठवड्यात तो आला, पण मामाच्या घरासमोर, दारू पिऊन. ११२ ला फोन केला, गाडी आली. ते पण वकीलबाईंनी पुढच्या तारखेला कोर्टासमोर ठेवलं.

तो तारखेला हजर होता. इस्त्रीचा शर्ट, हात जोडून उभा. म्हणाला, "बायकोवर प्रेम आहे म्हणून जातो साहेब." साहेबांनी विचारलं, "मग स्टेटसला काय लावलं होतं ते वाचून दाखवा." त्याला वाचता आलं नाही.

अंतरिम आदेश झाला. कारखाना आणि गेटसमोरचा रस्ता, शाळा, मामाचं घर, या तिन्ही ठिकाणांपासून १०० मीटर. कोणत्याही नंबरवरून फोन-मेसेज नाही, दुसऱ्याकरवी निरोप पण नाही. फोटो प्रसिद्ध करायचा नाही. मामा, मामी आणि माझं नाव आदेशात आलंय. मुलाचा तात्पुरता ताबा आईकडं, त्याला पोराला भेटायचं असेल तर स्वतंत्र अर्ज करायचा. खावटी तात्पुरती, आमच्या मागणीपेक्षा कमीच, पण ठीक. गडहिंग्लज ठाण्याला मदतीचे आदेश.

तांबडा_पांढरा

निरोपाचं घातलंय ना? झकास! माझ्या आदेशात ते राहिलं होतं, मग चुलत सासरे यायचे समजूत काढायला.

भवानी_मंडप

अभिनंदन ताई. पोराची भेट अर्ज करून होते हे बरं ठेवलंय.

मसाई_पठार

धन्यवाद. उद्या ठाण्यात प्रत द्यायला जातोय, अण्णा, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. कारखान्याच्या वॉचमनला आणि शाळेत पण झेरॉक्स देऊ का?

काळा_कोट

द्या, पण सगळा आदेश नको. सुरुवातीच्या पानांवर बहिणीच्या मारहाणीची हकीकत असते, ती गावभर फिरायला नको. पहिलं पान (कोर्ट, केस नंबर, दोघांची नावं) आणि शेवटचा आदेशाचा भाग, एवढीच पानं. शाळेत मुख्याध्यापकांच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाकडं नको. सोबत एक छोटा अर्ज जोडा की मुलाला आई किंवा मामा यांच्याशिवाय कुणाच्या ताब्यात देऊ नये, आणि त्याची पोच घ्या. वॉचमनला नवऱ्याचा फोटो आणि मोटरसायकलचा नंबर सांगितला तरी पुरे, पण मालकाला किंवा सुपरवायझरला कागद दाखवून ठेवा. उद्या सीसीटीव्हीचं फुटेज मागायची वेळ आली तर तेच देणार आहेत. फुटेज किती दिवसांनी आपोआप पुसलं जातं तेही त्यांना आत्ताच विचारून ठेवा.

अण्णा_निवृत्त

आणि ठाण्यात सकाळी हजेरीच्या वेळी जाऊ नका, गडबड असते. अकरानंतर जा.